रेव्ह लिमिटर गिअरची चूक झाकत नाही, एवढी दुरुस्ती छापा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत मॅन्युअल गाडीत रेसिंगसारखे गिअर कसे टाकायचे यावर लेख आला होता. तो आमच्या घरी दोघांनी वाचला, आधी मी आणि मग माझ्या पुतण्याने, आणि त्याला लायसन मिळून जेमतेम वर्ष झालंय. हा विषय घेतलात त्याबद्दल खरंच आभार, कारण लायसनपुरतं शिकवतात ते गाडी बंद न पडता पुढे नेण्यापुरतंच असतं, क्लचच्या आत काय चाललंय ते कुणी सांगत नाही. पण त्या लेखात एक वाक्य होतं की आताच्या गाड्यांना रेव्ह लिमिटर (इंजिनला ठरावीक वेगापलीकडे जाऊ न देणारी सोय) असतो त्यामुळे गिअर चुकला तरी इंजिनला काही होत नाही. हे साफ चूक आहे आणि नवीन शिकणारा नेमकं तेच लक्षात ठेवतो, पुतण्याने पण तेच ठेवलं होतं. म्हणून लिहायला बसलो.

लिमिटर काय करतो तर आरपीएमचा काटा, म्हणजे इंजिन मिनिटाला किती फेरे घेतं ते दाखवणारा, लाल पट्ट्यात गेला की इंधन तोडतो किंवा ठिणगी तोडतो, बस्स एवढंच. तुम्ही रेस (ॲक्सिलरेटर) दाबून धरलीत तर तो तुम्हाला अडवतो हे बरोबर. पण वेगात असताना चुकून खालचा गिअर पडला आणि क्लच सोडला तर इंजिनला तेव्हा इंधन फिरवत नसतं, चाकं फिरवत असतात, गाडीचं सगळं वजन त्या इंजिनला ढकलत असतं, मग इंधन तोडून काय उपयोग? आकड्यात बघा. समजा तिसऱ्या गिअरचं रेशो, म्हणजे गिअरबॉक्समधून बाहेर जाणाऱ्या शाफ्टच्या एका फेऱ्याला इंजिनचे फेरे, १.४ आहे, चौथ्याचं १ आणि दुसऱ्याचं २. तिसऱ्यात ५,५०० आरपीएमला तुम्ही चौथा टाकायला गेलात तर काटा ३,९०० च्या आसपास यायला हवा. त्याऐवजी हात दुसऱ्यात गेला तर तोच काटा ७,८५० ला जाणार, आणि इंजिनची लाल रेघ ६,५०० ला आहे. एवढ्या वेगात व्हॉल्व्हच्या, म्हणजे सिलिंडरच्या झडपांच्या, स्प्रिंगा व्हॉल्व्ह वेळेत मागे ओढू शकत नाहीत, पिस्टन वर येतो आणि उघड्या व्हॉल्व्हला धडकतो. याला मनी शिफ्ट म्हणतात, खिसा रिकामा करणारा गिअर, आणि ते नाव उगाच पडलेलं नाही.

माझ्या हातून हे झालंय. बऱ्याच वर्षांपूर्वी, मोकळा रस्ता होता, तिसऱ्यात गाडी मस्त ओढत होती आणि मी चौथा घाईघाईत मुठीत धरून खेचला. क्लच सोडला आणि मागून कुणीतरी गाडी धरून ओढावी तसा हिसका बसला, इंजिन किंचाळलं, मी परत क्लच दाबला तोवर एक सेकंद पण गेला नसेल. त्यानंतर इंजिन थरथरायला लागलं, एक सिलिंडर गेलाच होता. हेड, म्हणजे इंजिनचा व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग, उतरवल्यावर मेकॅनिकने मला बोलावलं, एक सपाट काच घेतली आणि त्यावर एकेक व्हॉल्व्ह आडवा ठेवून बोटाने लोटून दाखवला. चांगला असेल तो संथपणे फिरत जायचा आणि वाकलेला होता तो डोकं हलवत हलवत, लंगडत. दोन वाकले होते. नुसत्या डोळ्याने ते वाकलेत हे कळतही नव्हतं, एवढंसं वाकणं पुरतं.

हे टाळायचं तर हात ढिला ठेवायला शिका. पाच किंवा सहा गिअरच्या बहुतेक गाड्यांत न्यूट्रलमध्ये लिव्हर सोडला की आतली स्प्रिंग त्याला आपोआप ३-४ च्या रेघेत आणून ठेवते. म्हणजे दुसऱ्यातून तिसरा टाकताना आणि तिसऱ्यातून चौथा टाकताना तुम्ही बाजूला काही ढकलायचंच नाहीये, फक्त पुढे किंवा मागे, बाजूचं काम स्प्रिंग करते. मूठ आवळली की हात नकळत तिरका ओढतो आणि लिव्हर १-२ च्या बाजूला जाऊ शकतो. तळवा आणि दोनतीन बोटं एवढ्यावर गिअर पडला पाहिजे, पडत नसेल तर काहीतरी चुकतंय, जोर लावायचा नाही. आणि गिअर टाकून झाला की हात काढून घ्या, लिव्हरवर हात टेकवून बसायची सवय पुष्कळांना आहे, त्याचा दाब आत शिफ्ट फोर्कवर, म्हणजे गिअर सरकवणाऱ्या चिमट्यावर, येत राहतो आणि तो फिरत्या स्लीव्हला, म्हणजे गिअर जोडणाऱ्या कड्याला, घासत राहतो.

आता मुख्य मुद्दा, जो लेखात अर्ध्या ओळीत उरकला होता. चांगलं गिअर टाकणं म्हणजे हात किती वेगाने हलतो हे नाहीच. क्लच सोडायच्या क्षणी इंजिनचा वेग आणि त्या गिअरला लागणारा वेग जुळला पाहिजे, इतकंच आहे. जुळला नाही तर तो फरक कुणीतरी भरून काढायला लागतो आणि ते काम क्लच प्लेट घासून घासून करते. रेव्ह मॅचिंग म्हणतात ते हेच. चौथ्यात २,००० वर चालला आहात, तिसरा टाकायचाय, वरच्याच रेशोने तिसऱ्यात २,८०० लागणार. मग क्लच दाबा, लिव्हर तिसऱ्याकडे नेता नेता रेसला हलकी टिचकी द्या, काटा २,८०० च्या जवळ आला की क्लच सोडा. काट्याकडे बघत बसायचं नाही, चार दिवसांत कानाला आवाज ओळखता येतो. बरोबर जमलं की शेजारी बसलेल्या माणसाची मान हलत नाही, माझ्या मते याहून चांगली परीक्षा नाही. मान पुढे झुकली तर टिचकी कमी पडली, मागे गेली तर जास्त झाली.

इथे एक गोष्ट भले भले लोक गोंधळतात. रेव्ह मॅचिंगने वाचतो तो क्लच. सिंक्रो रिंग, म्हणजे गिअर पडण्याआधी आतले वेग जुळवणारी पितळी रिंग, त्याने वाचत नाही, कारण क्लच दाबलेला असताना तुम्ही रेस दिलीत तरी ती गिअरबॉक्सच्या आतल्या शाफ्टपर्यंत पोचतच नाही, तो शाफ्ट आणि त्याच्याबरोबरची क्लच प्लेट नव्या वेगाला आणायचं काम त्या पितळी रिंगेलाच करावं लागतं. रिंग वाचवायची तर डबल क्लच, म्हणजे क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून रेस, परत क्लच दाबून खालचा गिअर. १९२८ साली कॅडिलॅकने सिंक्रोमेश, म्हणजे हे वेग आपोआप जुळवणारी रचना, आणलं, त्याच्या आधी ड्रायव्हरला हे यावंच लागायचं नाहीतर गिअर खरडायचे. आताच्या कारमध्ये रोज करायची गरज नाही, पण एकदा शिकून ठेवा असं मी म्हणेन, चालत्या गाडीत पहिला टाकायची वेळ आली किंवा रिंगा जुन्या झाल्या असल्या की उपयोग होतो, आणि मुख्य म्हणजे आत काय चाललंय ते पायाला कळतं. आणि रिंगेला वेळ लागतो हे कायम लक्षात ठेवा. लिव्हर गिअरच्या खाचेच्या तोंडाशी क्षणभर अडकल्यासारखा वाटतो ना, ती रिंग काम करत असते, तिथे हलका दाब ठेवून थांबायचं, गिअर आपण होऊन आत जातो. तिथेच माणसं लिव्हर ठोकतात आणि मग वर्षभराने म्हणतात तिसरा खरडतोय.

सकाळी पहिली काही मिनिटं तर यातलं काहीच करू नका. गिअर ऑइल थंड असताना घट्ट असतं, रिंगेला त्यातून पकड घ्यायला जास्त वेळ लागतो, आणि इंजिन ऑइलचं तेच. टेंपरेचरचा काटा वर आला म्हणजे गिअरबॉक्स पण गरम झाला असं नसतं, तो त्याहून मागे असतो. आणि गिअर ऑइल बदलाल तेव्हा गाडीच्या पुस्तकात जो ग्रेड लिहिलाय तोच घाला, जीएल-४ सांगितलं असेल तर जास्त नंबर म्हणजे जास्त भारी असं समजून जीएल-५ घालू नका, त्यातली काही रसायनं पितळी रिंगांना खाऊ शकतात आणि घसरडेपणामुळे रिंगेची पकडही बिघडू शकते.

आता हील अँड टो. पुतण्याला सगळ्यात आधी हेच करायचं होतं आणि मी त्याला दोन महिने करू दिलं नाही, याचा त्याला राग आला तरी मला पश्चात्ताप नाही. एकाच उजव्या पायाने ब्रेक दाबून ठेवायचा आणि त्याच पायाच्या कडेने रेसला टिचकी द्यायची, यात शिकताना पहिली चूक काय होते तर टिचकी देताना ब्रेक पण जोरात दाबला जातो आणि मागच्या गाडीला काही कळायच्या आत तुम्ही उभे. म्हणून आधी साधं रेव्ह मॅचिंग, ब्रेक न लावता, इतकं अंगवळणी पडू दे की गप्पा मारता मारता व्हायला पाहिजे. मग बंद मैदान किंवा ट्रॅक, मागे पुढे कुणी नाही अशी जागा, रस्त्यावर अजिबात नाही. इंजिन बंद करून पेडलांचा सराव करता येतो, पण ब्रेक दोनतीनदा दाबला की ब्रेकला जोर देणाऱ्या बूस्टरमधला व्हॅक्यूम संपून पेडल दगडासारखं होतं, त्यामुळे खरा अंदाज येत नाही, फक्त पाय कुठे ठेवायचा ते कळतं. अजून एक, साध्या गाडीत ब्रेकचं पेडल रेसपेक्षा वर असतं, जोरात ब्रेक लागला तरच ते रेसच्या पातळीला येतं, म्हणून सावकाश ब्रेक मारताना हे जमत नाही आणि नाही जमलं तर पाय वाकडा करून जमवायला जाऊ नका. शिवाय बऱ्याच नवीन गाड्यांत ब्रेक आणि रेस एकदम दाबली की कॉम्प्युटर रेस तोडतो, त्या गाडीत तुमचा पाय कितीही तयार असला तरी टिचकी लागणारच नाही, यात तुमचा दोष नाही. आणि काही गाड्या तर ही टिचकी स्वतःच देतात, निस्सानने २००९ च्या ३७०झेड मध्ये हे पहिल्यांदा दिलं.

हे सगळं शिकायचं कशाला असं माझा भाऊ विचारतो, १९८९ मध्ये फेरारीने फॉर्म्युला वनमध्ये स्टिअरिंगमागच्या पॅडलने बदलणारे गिअर आणले आणि त्यांचा ड्रायव्हर मॅन्सेलने ब्राझीलला पहिलीच शर्यत जिंकली, तेव्हापासून रेसवाल्यांनीच हळूहळू हे सोडून दिलं ना. त्याला माझं उत्तर असं की ओल्या रस्त्यावर वळणाच्या तोंडाशी मागची चाकं ओढणाऱ्या गाडीत कुणी तिसऱ्यातून धाडकन दुसरा टाकून क्लच सोडला तर मागची चाकं क्षणभर धरली जातात आणि गाडीचं ढुंगण बाहेर येतं. तिथे रेव्ह मॅचिंग ही हौस नाही, गाडी रस्त्यावर राहण्याची गोष्ट आहे.

लेखात रेस न सोडता गिअर टाकायचं पण कौतुक होतं आणि ४,००० ला क्लच एकदम सोडून गाडी उडवायचं पण. घरच्या गाडीत दोन्ही करू नका. पहिल्यात रिंगा आणि क्लच दोघांना मार बसतो. दुसऱ्यात तो झटका ड्राइव्ह शाफ्ट, डिफरन्शियल, इंजिनची माउंटिंग सगळ्यांपर्यंत जातो, आणि आता बऱ्याच गाड्यांत, डिझेलमध्ये तर जास्तच, ड्युअल मास फ्लायव्हील (इंजिन आणि क्लचमधलं दोन भागांचं जड चाक) असतं, त्याच्या आतल्या स्प्रिंगांना हे धक्के सोसत नाहीत. त्याच फ्लायव्हीलला अजून एक गोष्ट मारते, वरच्या गिअरमध्ये काटा अगदी खाली असताना पूर्ण रेस दाबणं, म्हणजे हळू चालवणारे पण यातून सुटत नाहीत. डिझेलवाल्यांनी माझे आकडे तसेच घेऊ नयेत हे पण सांगतो, त्यांची लाल रेघ खूप आधी येते आणि रेस चढायला पण वेळ लागतो, टिचकी जरा आधी आणि जरा लांब द्यावी लागते.

आणि गाडी थांबवायचं काम ब्रेकचं आहे. प्रत्येक सिग्नलला पाचवा चौथा तिसरा दुसरा असं उतरत येणारे मी बघतो, वेग न जुळवता, प्रत्येक वेळी क्लच घासत. ब्रेक पॅड बदलणं थोड्या वेळाचं काम आहे, क्लच प्लेटसाठी गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो. उतारावर इंजिनने गाडी धरणं वेगळं, ते जरूर करा. सिग्नलला मात्र ब्रेक लावा आणि पाचव्यातून थेट तिसरा टाकला तरी चालतो, वेग तेवढा कमी झालेला असला म्हणजे झालं.

पुतण्या त्या लेखानंतर दोन दिवस लिमिटरच्या भरवशावर होता. मी त्याला जुन्या डब्यातून तो वाकलेला व्हॉल्व्ह काढून दिला, मी तो ठेवलेला आहे, आणि काच पुसून दिली. त्याने तीनचार वेळा लोटून बघितला, काही बोलला नाही. काल आई मागच्या सीटवर बसली होती, घाटाच्या उतारावर त्याने चौथ्यातून तिसरा कधी टाकला तिला कळलंच नाही, ती बोलत होती ती बोलतच राहिली.

तेवढी दोन ओळींची दुरुस्ती पुढच्या रविवारी छापावी ही विनंती, आणि ती आतल्या कोपऱ्यात नको, लेख आला होता त्याच पानावर, कारण ही पोरं बाकीची पानं उघडत नाहीत.

आपला,
एक नियमित वाचक