गाडीबद्दल, सविस्तर

विश्रामबाग, सांगली

ती. बाबा आणि आई यांस,
सा. नमस्कार.

फोनवर मी घेऊ म्हणते त्या जुन्या पोर्श गाडीचा विषय निघाला की बाबा "कर तुला काय करायचं ते" म्हणतात आणि आई फोन दादाकडे देते. म्हणून शेवटी लिहायला बसले. व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलं असतं, पण बाबांना चष्मा सापडेपर्यंत वहिनीच वाचून दाखवेल आणि तिच्या तोंडून माझी बाजू कशी निघेल सांगता येत नाही. (वहिनी, गंमत हं.)

आधी आईचा प्रश्न. दोनच सीटची गाडी कशाला? आई, आपली अर्टिगा कुठेही जात नाही. तुम्ही बेंगळुरूहून परत आलात की गणपतीच्या देवळात, मिरजेला डॉक्टरांकडे, नरसोबाच्या वाडीला, सगळीकडे तीच. ही दुसरी गाडी निव्वळ माझी हौस आहे, आणि ती मी लपवतही नाही. व्हीएमसीचा, म्हणजे आपल्या धातू कापायच्या मशीनचा, शेवटचा हप्ता मार्चमध्ये फिटला. कुपवाडच्या आपल्या कारखान्याच्या शेडवर आता बँकेचा एक रुपया नाही. तू म्हणशील, मग सोनं घे. सोनं लॉकरमध्ये ठेवायचं आणि लग्नाकार्याला बाहेर काढायचं. मला रोज संध्याकाळी शेड बंद केल्यावर वापरता येईल असं काहीतरी हवंय.

आता बाबांसाठी. गाडी आहे पोर्शची केमन, २०१३ पासून आलेली पिढी, जिला ९८१ म्हणतात. इंजिन ना बॉनेटखाली ना शेवटाला. सीटच्या पाठीमागे आणि मागच्या आसाच्या पुढे, अगदी मधोमध. सहा सिलिंडर, तीन या बाजूला, तीन त्या बाजूला, आडवे झोपवलेले. २.७ लिटर, २७५ हॉर्सपॉवर, टर्बो नाही. २०१६ मध्ये ७१८ आली तेव्हा साध्या केमनला कंपनीने चार सिलिंडर आणि टर्बो दिला. ताकद वाढून ३०० झाली, पण आवाजातली मजा गेली. मला सहाचीच हवी. इंजिन मधे असल्यामुळे डिक्या मात्र दोन मिळतात, पुढे १५० लिटर आणि मागे २७५. म्हणजे तुम्हाला न्यायला नाही आले तरी भडंग आणि बेदाणे पोचवायला येऊ शकते.

नवी घेण्याचा प्रश्नच नाही, आयात कर ऐकूनच माणूस खाली बसतो. जुनीत खरी मेख वेगळीच आहे. ही गाडी नवी मिळायची तेव्हा माणूस कारखान्याला यादी द्यायचा, चाकं अमुक, ब्रेक तमुक, सीट असे, सस्पेन्शन तसं, आणि गाडी त्याप्रमाणे बनून यायची. त्यामुळे एकाच सालच्या, एकाच रंगाच्या दोन केमन शेजारी लावल्या तरी त्या एक नसतात. विकणारे या यादीवरच भाव चढवतात. "फुल्ली लोडेड" हा त्यांचा मंत्र. यादीतल्या निम्म्या गोष्टी सांगलीत निरुपयोगी आहेत आणि दोन-तीन तर चक्क त्रासाच्या आहेत, हे मला गाड्या बघता बघता कळत गेलं.

पुण्यातली पांढरी गाडी ऐका. एजंट सगळं आपल्या फोरमन काकांना सांगत होता, मी शेजारी उभी. "साहेब, सिरॅमिक ब्रेक आहेत, एवढ्या पैशात नुसते ब्रेकच येणार नाहीत." खरंच कॅलिपर, म्हणजे ब्रेकची डिस्क दाबून धरणारे चिमटे, पिवळेधमक होते. पोर्शचा रिवाज असा की साध्या केमनला काळे कॅलिपर, जास्त ताकदीच्या 'एस'ला लाल आणि सिरॅमिक डिस्क असतील तर पिवळे. मी पुढचं झाकण उघडायला लावलं. झाकणाच्या आतल्या अंगाला एक कागदी स्टिकर असतो. त्यावर चासी नंबर, रंगाचा कोड आणि खाली तीन-तीन आकड्यांची रांग; कारखान्यातून काय काय बसून आलं त्याची ती कुंडली. २५० म्हणजे पीडीके, दोन क्लचचा सात गिअरचा ऑटोमॅटिक. तो होता. ६४० म्हणजे स्पोर्ट क्रोनो, गाडी आणखी चपळ करणारं पॅकेज. तोही होता. सिरॅमिकचा आकडा ४५०. बोट फिरवत दोनदा वाचलं, ४५० कुठेच नाही. मग उकिडवी बसून चाकाच्या आऱ्यांतून टॉर्च मारला. डिस्क सरळ सरळ बिडाची, बाहेरच्या कडेला गंजाची तांबूस कड, आणि कॅलिपरच्या बोल्टच्या डोक्यावर पिवळ्या रंगाचा वाळलेला ओघळ. काका काही बोलले नाहीत, फक्त खिशातून तंबाखूची पुडी काढली. एजंट म्हणाला, "आधीच्या मालकांनी केलं असेल, आम्हाला कल्पना नाही."

खरं सांगायचं तर सिरॅमिक असते तरी मला नकोच होते. बिडापेक्षा वजनाला निम्मे आणि रेसच्या ट्रॅकवर कितीही तापले तरी दाद देत नाहीत, हे खरं. पण मी कुठे ट्रॅकवर जाणार? आणि एखादी डिस्क बदलायची वेळ आली तर आपल्या एका लेथची किंमत जाईल. रंग लावून खोटं बोलणाऱ्या माणसाकडून बाकीचं तरी काय विकत घ्यायचं, म्हणून ती गाडी तिथेच सोडली.

त्याच गाडीची चाकं वीस इंची होती, दिसायला फार देखणी. इथे मी हिशेब केला. कंपनीची मूळ चाकं अठरा इंची, पुढचा टायर २३५/४५, म्हणजे रुंदी २३५ मिलिमीटर आणि उंची तिच्या ४५ टक्के. म्हणजे रिमपासून रस्त्यापर्यंत रबराची भिंत साधारण १०६ मिलिमीटर. वीस इंचीवर २३५/३५, म्हणजे ८२. जवळजवळ एक इंच रबर कमी! पेठ नाक्यापर्यंतचा रस्ता आणि मिरज रोडवरचे रात्रीत उगवणारे स्पीडब्रेकर बघता तो एक इंच मला हवाय. शिवाय या गाडीत स्टेपनी नसतेच, नुसती पंक्चर भरायची बाटली आणि हवेचा छोटा पंप. आई, घाबरू नकोस, मी ती रात्री-अपरात्री काढणार नाही. म्हणजे फारशी नाही.

स्पोर्ट क्रोनोचं कौतुक सगळ्यांना असतं, डॅशबोर्डवर मधोमध एक गोल घड्याळ उभं राहतं त्यामुळे. त्याच्यासोबत गिअरबॉक्स ज्यांवर टेकतो ते माउंटिंग जरुरीप्रमाणे कडक-मऊ होणारे येतात, ते मात्र हुशारीचं काम आहे, बाबा तुम्हाला आवडेल. बाकी शून्य ते शंभरला ५.६ सेकंदांऐवजी ५.४. कुपवाड रस्त्याला पुढे उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर असताना त्या ०.२ सेकंदाचं मी काय करू? असलं तर असो, नसलं तर त्यासाठी जादा पैसे नाहीत.

सगळ्यात जास्त खल केला तो सस्पेन्शनवर. यादीत ४७५ असेल तर पीएएसएम, म्हणजे शॉकअ‍ॅब्सॉर्बर इलेक्ट्रॉनिक, बटण दाबून कडक होणारे. नेहमीच्या मोडमध्ये ते खड्डे बरे गिळतात असं चालवणारे सांगतात, आणि मीही चालवून बघितली, फरक जाणवतो. बरेच दिवस मी ४७५ असलेलीच गाडी शोधत होते. पण त्याच्यासोबत गाडी १० मिलिमीटर खाली येते. आधीच नाक जमिनीला टेकलेलं, त्यात आणखी सेंटिमीटर. आणि गाडी दहा वर्षांची झाली की शॉकअ‍ॅब्सॉर्बर कधीतरी बदलावे लागणारच. इलेक्ट्रॉनिक असतील तर तो खर्च कुठच्या कुठे जातो. साधे असले तर निदान झेपतील. उलटसुलट विचार करून आता मी साध्या बाजूची झाले आहे. काकांना हे पटलेलं नाही. "एवढ्या पैशात बटण तरी पाहिजे," म्हणतात.

मधे कोल्हापूरला एक निळी बघितली. ती दहा मिनिटांत संपली. सांगलीच्या माणसाला हे शिकवावं लागत नाही: ड्रायव्हरचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला. वरचा पट्टा नवा कोरा, आणि जो भाग एरवी कधी बाहेर येतच नाही तिथे आडवी मातकट रेघ. सीटच्या रुळांचे स्क्रू गंजलेले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी ४५ असताना; त्यानंतर किती गाड्या धुऊन-पुसून विकल्या गेल्या ते आपण डोळ्यांनी पाहिलंय. ही त्यातलीच की दुसरीकडच्या पाण्यातली, देव जाणे. वायरिंगमध्ये गाळ गेलेली गाडी फुकटसुद्धा महाग.

आता मूळ मुद्दा, ज्यासाठी हे सगळं पुराण. एक गाडी बेंगळुरूला आहे, दादाच्या घरापासून फार लांब नाही. २०१४ ची, गडद करडी, एकच मालक. फोटोत स्टिकर मागवून घेतला. अठरा इंची चाकं, बिडाचे ब्रेक, काळे कॅलिपर, पीडीके, क्रोनो नाही, ४७५ नाही. मालकाने जादा पैसे भरलेत ते नेमके सीटवर, विजेवर वरखाली होणारे, म्हणजे गुडघ्यांची तक्रार असलेल्या माणसालाही बसता येईल. आणि सोबत सीट गरम करण्याची सोय! मे महिन्यात सांगलीत त्याचं बटण मी चिकटपट्टी लावून बंद करणार आहे. यादी आखूड म्हणून बाजारात तिला मागणी कमी, म्हणून भावही बरा. आकडा इथे लिहीत नाही, आई वाचणार आहे. बाबांना वेगळा सांगेन.

भाव बरा असला तरी तो तेवढ्यावर थांबत नाही. गाडी केए पासिंगची, म्हणजे तिथल्या आरटीओची एनओसी, इथे येऊन महाराष्ट्राचा रोड टॅक्स, मग एमएच-१० चा नंबर. कर्नाटकात भरलेल्या लाइफटाइम टॅक्समधला उरलेला भाग परत मागता येतो, पण तो हातात पडेपर्यंत धरायचा नाही. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त राहिली तर नव्याने नोंदणी करावीच लागते, त्यामुळे टाळाटाळीचा मार्ग बंद. हे सगळं धरूनही पुण्याच्या पिवळ्या रंगापेक्षा स्वस्त पडते.

बाबा, तुम्ही जुनं लेथ घ्यायला गेलात की रंगाकडे बघायचा नाहीत. हेडस्टॉकजवळ बेडवर नख फिरवायचा, जिथे सगळ्यात जास्त झीज होते तिथे. तेवढंच या गाडीचं करून द्या. रविवारी दादाला घेऊन जा. मालकाला आधी सांगून ठेवा की इंजिन गार पाहिजे, आपण पोचल्यावरच चालू करायचं. इंजिन दिसणार नाही, मागच्या डिकीत फक्त तेल आणि कूलंट भरायची तोंडं आहेत. डिपस्टिकही नाही, तेलाची पातळी मीटरच्या पडद्यावर दिसते. तुमचा कान पुरेल. गार असताना टकटक येते का, धूर येतो का, एवढं ऐका-बघा. पुढच्या बंपरच्या दोन्ही बाजूंच्या जाळ्यांतून टॉर्च मारा; रेडिएटर तिथेच असतात आणि पानं-कचरा अडकून मागे कुजत बसतो. नाकाचा खालचा ओठ हाताने चाचपा, खरवडलेला असणारच, फक्त फुटलेला नको. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. चारही टायरचे फोटो पाठवा. त्याच बाजूला एन अक्षर आणि शेजारी एखादा आकडा दिसतो का तेही बघा, तो पोर्शने पसंत केलेल्या टायरचा शिक्का. आणि सीटबेल्ट शेवटपर्यंत. मालक भला माणूस वाटला तरीसुद्धा.

आई, तू पण जा त्यांच्याबरोबर. शेजारच्या सीटवर बसून उठून बघ. दार लांब आहे आणि बसणं खाली आहे, म्हणून आधी पाठ टेकवायची, मग पाय आत घ्यायचे. उठताना कुणाचा हात लागतो का ते खरं सांग, माझं मन राखायला नको. तुला जमत नसेल तर मी अर्टिगाच घेऊन येईन न्यायला, त्यात काही नाही.

इकडे सगळं ठीक. कढीपत्त्याला पाणी घालते. शेजारच्या काकूंनी हळदीचं लोणचं दिलंय, अर्धी बरणी संपली. कारखान्यात पुढच्या महिन्यात ऑर्डरी भरपूर आहेत, त्यामुळे एनओसीचे हेलपाटे दादालाच घालावे लागतील. त्याला आत्ताच सांगू नका, गाडी बघितल्यावर मी सांगते. मालकाने बुधवारपर्यंत थांबायचं कबूल केलंय. फोटो सोमवारी आले तरी चालतील, टोकन मी इथून भरेन. बाबांनी तिथे भाव करायला सुरुवात करू नये.

तुमची,
लेक