किनाऱ्यावर आधी स्वच्छतागृह, मग सेल्फी पॉइंट

महोदय,

मंडणगड तालुक्यातील वेळासला २००२ साली 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेनं समुद्री कासवांची घरटी राखायला सुरुवात केली. पुढे कासव महोत्सव सुरू झाला आणि गावकऱ्यांनी आपल्याच घरात पाहुण्यांची सोय केली. पिल्लं समुद्राकडे जाताना पाहायला आलेला माणूस तिथंच राहतो, जेवतो, निघताना कोकम-फणसपोळी घेतो. पैसा गावातच राहतो. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या महिला होडीतून कांदळवन दाखवतात, त्याचंही मला फार कौतुक आहे.

पण कचरा उचलणं, स्वच्छतागृह बांधणं बचत गटानं कुठल्या पैशातून करायचं? गेल्या मे महिन्यात आमच्या गावात आलेल्या एका वयस्कर बाईंना स्वच्छतागृहासाठी तीन घरांची दारं ठोठवावी लागली. शेवटी माझ्या वहिनीनं त्यांना आत घेतलं. आम्हा सगळ्यांनाच लाज वाटली. त्याच किनाऱ्यावर रंगीत सेल्फी पॉइंट मात्र उभा आहे.

पंधराव्या वित्त आयोगानं ग्रामपंचायतींच्या अनुदानातले ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधून दिले होते. म्हणजे अशा कामांना वाट होती, पण ही कामं ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात कुणी मांडलीच नाहीत. यंदा आराखड्याच्या ग्रामसभेत घरी पाहुणे ठेवणाऱ्या बायकांना आधी बोलू द्यावं, आणि जिल्हा परिषदेनंही पर्यटनाचा निधी देताना त्यांचीच मागणी पुढे ठेवावी.

– एक वाचक, दापोली