अण्णा, हयातीच्या दाखल्यांबद्दल आभार

आदरणीय अण्णा,
सप्रेम नमस्कार.

हार, शाल, श्रीफळ यातलं काही तुम्हाला चालत नाही आणि नाव छापलेलं तर मुळीच नाही. म्हणून नुसतं 'अण्णा'. सोलापूरच्या पूर्व भागात तेवढ्यावर ओळख पटते. टपाल खात्यातून निवृत्त झाल्यावर तुम्ही देवळाच्या ओट्यावर विडी आणि यंत्रमाग कामगारांच्या पेन्शनचं काम मांडलंत. त्या कामगारांच्या मुला-सुनांकडून हे जाहीर आभार.

ईपीएस-९५ ची, म्हणजे पीएफमधून मिळणाऱ्या पेन्शनची, किमान रक्कम महिना १००० रुपये, २०१४ पासून तेवढीच. ती चालू राहायची तर वर्षातून एकदा हयातीचा दाखला लागतो. सरकारी पेन्शनरांचा नोव्हेंबर ऐकून आपल्याकडेही सगळे नोव्हेंबरातच धावायचे. पीएफच्या पेन्शनला तसं नाही. दाखला कधीही काढा, त्या तारखेपासून वर्षभर चालतो. तुम्ही प्रत्येकाच्या पासबुकाच्या कव्हरवर पुढची तारीख पेन्सिलीने लिहून देता, त्यामुळे ओट्यावरची गर्दी बारा महिन्यांत वाटली गेली.

खरी अडचण बोटांची. जन्मभर पान कातरून, तंबाखू भरून, विडी वळून अंगठा आणि तर्जनीवरच्या रेषा झिजतात, मग दाखल्यासाठी बोटाचे ठसे घेणारं मशीन दरवेळी नापास करतं. बाहेर सांगितलं जातं, 'आजी, तुमचे ठसे येत नाहीत, पुढच्या आठवड्यात या.' पुढच्या आठवड्यात रेषा उगवतात होय! तुमची रीत वेगळी. आधी साबणाने हात धुवायचे, कोरडे पुसायचे, मशीनची काच पुसायची आणि वळणीत कमी घासलेली बोटं, म्हणजे अनामिका आणि करंगळी, आधी लावून बघायची. बोट जोरात दाबायचं नाही, दाबलं की उरलेल्या रेषाही सपाट होतात. तरीही नाही जमलं तर ठशाऐवजी चेहऱ्यावरून दाखला.

चेहऱ्याचं काम तुम्ही सकाळीच का उरकता हे आता सगळ्यांना कळलंय. मोबाइलवर चेहरा ओळखणारं 'आधार फेस आरडी' आणि दाखला काढणारं 'जीवन प्रमाण' ही दोन ॲप लागतात. आधी चालवणाऱ्याचा चेहरा नोंदवायचा, मग पेन्शनरचा. उजेड समोरून हवा. पाठीमागे उन्हातला रस्ता असला की चेहरा काळा पडतो आणि फोटो नाकारला जातो. म्हणून आजीची पाठ भिंतीला, कपाळावरचा पदर मागे, चष्मा हातात, मोबाइल डोळ्यांच्या उंचीवर. डोळे मिटून उघडायला तुम्ही मराठी, तेलुगू आणि कानडीत सांगता. तेलुगूत 'कळ्ळु मूसि तेरवंडि' ऐकलं की घाबरलेली म्हातारीही हसते, आणि हसली की फोटो हलतो, मग पुन्हा पहिल्यापासून.

दाखल्याचा प्रमाण आयडी मेसेजने आला की लोक पेढे वाटतात. तुम्ही वाटू देत नाही, आणि ते बरोबरच आहे. आयडी मिळूनही दाखला पुढे नामंजूर होऊ शकतो. पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश, त्याच्या क्रमांकातला एक आकडा चुकला, मंजूर करणारी संस्था म्हणून पीएफऐवजी राज्य सरकार निवडलं गेलं, की झालं. म्हणून तुम्ही पीपीओ वाचून दाखवायला लावता आणि काही दिवसांनी जीवन प्रमाणच्या संकेतस्थळावर दाखल्याची स्थिती बघता. मोबाइल नंबरही पेन्शनरच्या घरातलाच घालता. काही ठिकाणी दुकानदार स्वतःचाच नंबर टाकतात, मग मेसेज त्याला आणि खेटे आजीला.

नावांचा घोळ तर पूर्व भागाच्या पाचवीलाच पुजलेला. तेलुगू घरात आडनाव आधी, पीएफच्या कागदावर नुसती आद्याक्षरं, आधारवर तिसरंच. जन्मतारीख माहीत नसेल तिथे १ जानेवारी ठोकलेली. आधारवरची जन्मतारीख एकदाच बदलता येते, म्हणून घाईने आधार बदलायला धावू नका, आधी कुठला कागद पक्का ते ठरवा, हे तुम्ही सांगता. पीएफमधली चूक असेल तर संयुक्त घोषणापत्र, म्हणजे कामगार आणि मालक दोघांनी मिळून द्यायचा दुरुस्तीचा अर्ज. त्यावर मालकाची सही लागते, आणि कारखानाच बंद पडलेला असला की लोक हताश होतात. अशा वेळी राजपत्रित अधिकारी, पोस्टमास्तर किंवा बँक मॅनेजरची सही चालते, हे सांगणारे पूर्व भागात तुम्हीच.

सगळ्यात अवघड काम मात्र मयताच्या घरचं. पेन्शनर गेल्यावर घरचे अजाणता एटीएममधून पैसे काढत राहतात, आणि पुढे ते परत भरावे लागतात. तुम्ही तेरावा होण्याआधीच जाऊन विचारता, महापालिकेत नोंद केली का? २१ दिवसांत मृत्यूची नोंद केली तर विलंब शुल्क लागत नाही. मग बायकोच्या पेन्शनसाठी मृत्यू दाखला, पीपीओ, तिचं आधार, तिच्या एकटीच्या नावाचं पासबुक आणि फॉर्म १०-डी हा पेन्शनचा अर्ज. नवऱ्याच्या पेन्शनीवर आपलाही हक्क आहे हेच कित्येकींना ठाऊक नसतं. दु:खाच्या घरात कागद मागणं कुणाला आवडतं? लोक तोंडावर बोलतातही. तुम्ही ऐकून घेता आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जाता.

यात पैसा घ्यायचा नाही, कुणाचे मूळ कागद स्वतःच्या घरी ठेवून घ्यायचे नाहीत, ओटीपी पेन्शनरनेच वाचायचा, हे तीन नियम तुम्ही कधी मोडले नाहीत. आमच्या मते तुमचे खरे उपकार हेच. हजार रुपयांच्या पेन्शनीतून एजंटाला द्यायचं तर आजीकडे उरणार काय?

आता एक मागणं. आपल्या गल्लीतली कॉलेजची मुलं ॲप चालवायला तयार आहेत. पीपीओ वाचायला आणि अर्ज तपासायला त्यांना शिकवा. आणि एप्रिल-मेच्या उन्हात दहानंतर ओट्यावर बसू नका. कामं त्यांच्या हातात द्या, चुकले तर कान धरा.

आपले,
पूर्व भागातील विडी व यंत्रमाग कामगारांच्या घरची मंडळी