चिलटांची जीभ आणि कुलाबा

संपादक महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत केळ्यांवर घोंघावणाऱ्या चिलटांबद्दलचा मजकूर वाचला. विषय माझ्या जिव्हाळ्याचा. मुंबईतल्या एका महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागात मी प्रयोगशाळा परिचर होतो आणि या माशांचा, म्हणजे ड्रॉसोफिलाचा, स्वयंपाक माझ्याकडे असे. मक्याचं पीठ, साखर, यीस्ट आणि खाद्य घट्ट करणारं अगर शिजवायचं, बुरशी धरू नये म्हणून उतरवल्यावर थोडं प्रोपिओनिक आम्ल घालायचं आणि गरम असतानाच बाटल्यांत ओतायचं. अगर कमी पडलं तर खाद्य पातळ राहतं आणि माशा त्यात बुडतात. साहेबांच्या आधी माशांचीच तक्रार यायची.

आधी चित्राचं सांगतो. आपण छापलेली माशी ही नव्हेच. ती आंब्याची फळमाशी, बॅक्ट्रोसेरा, घरमाशीएवढी. ती चांगल्या फळाला भोक पाडून आत अंडी घालते आणि बागायतदाराच्या तोंडचं पाणी पळवते. तिच्या नरांसाठी दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा रक्षक सापळा असतो. आपण सुचवलेल्या व्हिनेगरच्या वाटीने ती आटोक्यात येईल असं समजून कोणी हापूसच्या बागेत वाट्या मांडू नयेत.

आता मुद्द्याचं. ‘चिलटांना वास येतो आणि ती खातात’ असं आपला लेखक म्हणतो. वासाने माशी केळ्यापर्यंत येते, हे खरं. पण खायचं की नाही हे ती उतरल्यावर ठरवते, आणि त्याची सुरुवात पायांपासून होते. तिच्या पायांवर, पंखांच्या कडेला आणि सोंडेच्या टोकाला चवीचे केस असतात. सोंडेच्या टोकावर दोन्ही बाजूंना सुमारे तीस-तीस. प्रत्येक केसाच्या शेंड्याला एक बारीक छिद्र आणि आत दोन ते चार चेतापेशी: एक गोडाला दाद देणारी, एखादी पाण्याला, एखादी मिठाला, काही केसांत कडूला. उपाशी माशीच्या पायाला साखरेच्या पाण्याचा थेंब लावा, सोंड लगेच बाहेर येते. त्याच थेंबात कडूजहर क्विनीन मिसळा, सोंड आतच राहते. आमच्याकडे हे बघायला कॉमर्सची मुलंसुद्धा डोकावायची.

आणि ही आवड कायमची ठरलेली नसते. माशी जास्त उपाशी असली की गोडाची ओढ वाढते आणि कडूचा तिटकारा कमी होतो. मिलनानंतर मादीला अंड्यांसाठी प्रथिनं आणि मीठ लागतं, म्हणून ती साखर सोडून यीस्टकडे वळते. केळं आंबू लागलं की त्यावर यीस्ट वाढतं, पुढे अळ्याही तेच खातात. म्हणून काळं पडलेलं केळं तिला प्यारं. गोड लागणारी पण अंगी न लागणारी साखरही तिला फार काळ फसवू शकत नाही. तिच्या मेंदूत फ्रुक्टोज ओळखणाऱ्या काही पेशी आहेत, रक्तातलं फ्रुक्टोज वाढलं की त्यांना कळतं. हे २०१२ साली प्रसिद्ध झालं. भुकेली असेल तर याच पेशी आणखी खायला लावतात, पोट भरलेलं असेल तर थांबवतात. आमच्या घरच्या लग्नांत जिलबीच्या चौथ्या वाढीला अशा पेशी कुठे जातात, देव जाणे.

मात्र हा पत्रप्रपंच पुढच्या गोष्टीसाठी. सगळं श्रेय आपण ‘परदेशी शास्त्रज्ञांना’ देऊन टाकलंत. चवीचे ग्राही, म्हणजे चव ओळखणारी प्रथिनं, बनवणारी जनुकं २००० च्या सुमाराला अमेरिकेत सापडली, ते त्यांचं श्रेय, त्याबद्दल वाद नाही. पण त्याच्या वीस वर्षं आधी कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काय चाललं होतं? होमी भाभांच्या निमंत्रणावरून १९६२ साली ओबेद सिद्दिकींनी तिथे रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग सुरू केला. तिथे व्हेरोनिका रॉड्रिग्ज आल्या. घराणं गोव्याचं, जन्म केनियातला, शिक्षण डब्लिनपर्यंत, आणि संशोधनासाठी मुंबई. या दोघांनी चव आणि वास न कळणाऱ्या माशा हुडकून काढायचं काम मांडलं. हजारो माशांतून एखादी अशी वेगळी काढायची, तिची संतती वाढवायची आणि दोष कोणत्या गुणसूत्रावर आहे ते शोधायचं. १९८१ साली त्यांनी अशा एका माशीचं वर्णन छापलं, जिला ग्लुकोजच्या जातीच्या साखरांची गोडी नीट कळत नव्हती, फ्रुक्टोजची मात्र कळत होती. म्हणजे ‘गोड’ ओळखायला एकच कुलूप नाही, हे जनुक हाती येण्याआधीच दिसलं होतं. बाई २०१० साली गेल्या, सिद्दिकी २०१३ साली. मराठी वृत्तपत्राच्या पुरवणीत त्यांची दोन ओळींचीही दखल असू नये, हे मला पटत नाही.

माशीला गोड कळतं का हे बघायच्या प्रयोगाची सोपी रीत शाळांसाठी छापावी, ही विनंती. खायचा लाल आणि निळा रंग, साखर, आणि अगर म्हणून चायना ग्रास. एका रंगात साखर, दुसऱ्यात नाही. दोन्हीचे ठिपके एका डबीत, त्यात रात्रभर फक्त ओल्या कापसावर ठेवलेल्या उपाशी माशा सोडायच्या आणि दोन तास अंधारात ठेवायचं. मग भिंगातून पोटं बघायची: लाल, निळी किंवा जांभळी. मोजण्याआधी डबी दोन-तीन मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवा, माशा निपचित पडतात. नाहीतर झाकण काढताच अख्खा वर्ग डास मारल्यासारखा टाळ्या वाजवत फिरतो.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा परिचर, डोंबिवली (पूर्व)