तेव्हा फोन का नाही केला, त्याचं उत्तर

प्रिय दोस्ता,

परवा तर्री पोहे खाताना तू सहज विचारून गेलास, "बे, तो प्लॉट घेतला तेव्हा मला एक फोन का नाही केला?" मी काहीतरी बोलून विषय बदलला, तू पवनीला निघून गेलास, आणि मी मात्र तेव्हापासून त्याच प्रश्नाभोवती फिरून राहिलो. फोनवर सांगायला गेलो तर अर्धंच बोलेन हे मला माहीत आहे म्हणून लिहितोय. लांब होईल, जेवण झाल्यावर निवांत वाच.

आधी नोकरीचं सांगतो, कारण तुला वाटतं माझी खरी सल तीच आहे. २००४ मध्ये तू सरकारी ज्युनिअर इंजिनिअरचे दोन फॉर्म आणले होतेस, एक तुझा एक माझा, आणि मी माझा भरलाच नाही. बिल्डरकडे मला ११ हजार मिळत होते, हातात साइट होती, माझ्या शब्दावर वीस माणसं काम करायची, मग परीक्षा दे, पोस्टिंगची वाट पाहा, हे सगळं कायले करायचं असं वाटलं. तू लागलास आणि पुढच्याच वर्षी, १ नोव्हेंबर २००५ पासून राज्यात नवीन लागणाऱ्यांची जुनी पेन्शन बंद झाली. तू थोडक्यात आत राहिलास. २०२३ च्या मार्चात तुमचा संप होता ना, तेव्हा मी नागपुरात संविधान चौकातून गाडीवर चाललो होतो, "एकच मिशन, जुनी पेन्शन" ऐकू आलं आणि मी गाडी बाजूला लावून पाच मिनिटं नुसता उभा होतो. खोटं नाही बोलणार, पोटात कालवलं.

पण मग रात्री झोपताना विचार केला की २००४ मध्ये मला हे कळायला काही मार्ग होता का? केंद्राने १ जानेवारी २००४ पासूनच बंद केली होती, म्हणजे राज्यात पण होईल असं कोणी हुशार माणूस बोलत असेलही, पण आपण पंचवीस वर्षांची पोरं, साठीनंतरच्या पैशाचा विचार तेव्हा कोणाच्या डोक्यात होता. तू पण पेन्शन पाहून नव्हता लागलास, काकांची बायपास झाली होती आणि घरात दर महिन्याचा पक्का पगार पाहिजे होता म्हणून लागलास. तुझं चांगलं झालं याचा मला मनापासून आनंद आहे. माझं चुकलं असं मी त्या बाबतीत म्हणत नाही, खरंच म्हणत नाही.

दुबईचं पण तसंच. २००६ ला गेलो तेव्हा तिथं क्रेनच क्रेन होत्या, आणि २००८ च्या शेवटी असं सगळं थंडावलं की आमचा टॉवर अकराव्या मजल्यावर थांबला, मग २००९ मध्ये हिशोब करून परत पाठवलं. हे मला शेख झायद रोडवर उभं राहून दिसणार होतं का? मोठमोठ्या बँकांना नाही दिसलं. आणि परत आलो म्हणून बाबांची शेवटची पाच वर्षं मला मिळाली, रोज संध्याकाळी त्यांना अंबाझरीला फिरायला नेत होतो, "इथं काय कमी हाय बे, कायले गेला होता तिकडं" हे ते शंभर वेळा बोलले असतील आणि मी शंभर वेळा ऐकलं. ती पाच वर्षं मी कोणत्याच हिशोबात टाकत नाही.

मधलं एक सांगतो. २००७ च्या डिसेंबरात रूमवरच्या सगळ्यांचं पाहून मी एक लाख म्युच्युअल फंडात टाकले. जानेवारीत सेन्सेक्स २१ हजारांवर गेला आणि ऑक्टोबरमध्ये ८ हजारांच्या खाली आला. तो पडणार हे मला कळणं शक्य नव्हतं, पण २००९ च्या मार्चात घाबरून अर्ध्या किमतीत सगळं काढून घेतलं ते मात्र मी केलं, कोणी सांगितलं नव्हतं आणि पैशाची गरज पण नव्हती. २०१० च्या नोव्हेंबरमध्ये सेन्सेक्स परत २१ हजारांवर होता. नुसतं काहीच केलं नसतं तरी चाललं असतं. तसंच पुण्याच्या नोकरीच्या पीएफचं. तीन वर्षांचा पीएफ ट्रान्सफर करता येत होता, मी फॉर्म १९ आणि १० सी भरून सगळा काढला आणि बाइक घेतली. पेन्शनसाठी मोजली जाणारी ती तीन वर्षं पण त्याच सहीने गेली. फॉर्मवर सगळं छापलेलं होतं, मी फक्त सहीची जागा शोधली.

म्हणजे बघ, इतक्या वर्षांनी मी सगळं आठवून दोन ढीग करून राहिलो. एकात ते, जे तेव्हा कोणालाच दिसत नव्हतं. ते मी सोडून दिलं, मनावरचं ओझंच उतरलं. दुसऱ्यात ते, ज्याचा कागद माझ्या हातात होता. आणि प्लॉट या दुसऱ्या ढिगातला सगळ्यात वरचा आहे.

तुला तो काळ आठवतच असेल. जामठ्याला २००८ मध्ये स्टेडियम सुरू झालं, एअरपोर्टजवळच्या मिहान प्रकल्पाचं नाव रोज पेपरात, वर्धा रोडवर दर दोनशे मीटरवर लेआउटचं होर्डिंग, मिहानपासून १० मिनिटं, एअरपोर्टपासून १५ मिनिटं. माझ्याकडे दुबईचे साडेआठ लाख होते आणि काम नव्हतं. ओळखीतल्या एकाने जामठ्याच्या पुढे आतमध्ये लेआउट दाखवला, ३० बाय ५० चा प्लॉट, १५०० फूट, ३०० चा रेट, साडेचार लाख. चुन्याच्या रेषा मारलेल्या, मुरमाचा रस्ता, कोपऱ्यावर हनुमानाचं छोटं मंदिर पण बांधलेलं. विकणारा म्हणाला, एनए म्हणजे बिगरशेती होऊन राहिलं, टाउन प्लॅनिंगची फाइल आत गेलेली आहे, सहा महिन्यांत रजिस्ट्री लावून देतो, तोपर्यंत करारनामा आणि ताबापत्र नोटरी करून घ्या. आणि त्या कागदांच्या गठ्ठ्यात तलाठ्याच्या अक्षरातला सातबारा होता. त्याच्यावर स्पष्ट लिहिलं होतं, भोगवटादार वर्ग २. तो सातबारा मी पाहिला. गट नंबर जुळवला, क्षेत्र जुळवलं, मालकाचं नाव जुळवलं, आणि ती ओळ वाचून पुढे गेलो. वर्ग २ ची जमीन कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकताच येत नाही हे मला माहीत नव्हतं, आणि माहीत नाही म्हणून कोणाला विचारावं असं पण वाटलं नाही. मी, सिव्हिलचा डिप्लोमा झालेला माणूस, ज्याने आयुष्यभर ड्रॉइंगवरची प्रत्येक नोट वाचून काम केलं.

तुझं निम्मं काम भूसंपादनाच्या फाइलींचं. गोसीखुर्द धरणाच्या कालव्यांसाठी तू किती सातबारे वाचले असशील याची मोजदाद नसेल. तुला पाच मिनिटं लागली असती.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. मी परत आलो त्या रात्री तू एअरपोर्टवर आला होतास, तिथून आपण सावजीत गेलो, तू माझ्यासाठी मुद्दाम मटण आणि खूर सांगितलं, आणि बिल आलं तेव्हा मी पाकीट काढलं तर तू माझा हात धरून म्हणालास, "असू दे बे, तुझं आता जमेपर्यंत मीच देत जाईन." दोस्ता, तू प्रेमाने बोललास. मला आज ते शंभर टक्के कळतं. पण त्या रात्री मला ते फार लागलं. तुझा सहावा वेतन आयोग लागला होता, मनीषनगरला फ्लॅट बुक झाला होता, वहिनीने मला तिथली टाइल्स कोणती घ्यायची ते विचारलं, आणि मी तीन वर्षं परदेशात राहून दोन सुटकेस घेऊन आलो होतो. मला वाटलं की आता याला फोन करायचा तो काहीतरी झाल्यावरच करायचा, विचारायला नाही करायचा. प्लॉट घेतला, हा बघ, असं म्हणायला. म्हणून तुला पेढे घेऊन आलो ते ताबापत्र झाल्यावर. तू तेव्हा पण विचारलंस की रजिस्ट्री झाली का, आणि मी म्हणालो होऊन जाते.

२०१३ मध्ये कंपाउंड घालायला गेलो तर तिथं दुसऱ्याच माणसाने तारा टाकलेल्या. पुढचं तुला माहीत आहे, आम्ही चाळीसच्या वर प्लॉटवाले, विकणाऱ्याचा फोन बंद, वकिलाची फी, तारखा. केस अजून सुरू आहे. पैशाचं दुःख आता राहिलं नाही रे, तितकं कमावून झालं. दुःख याचं आहे की आपली इतक्या वर्षांची दोस्ती आणि मला तुझ्यासमोर न कळणारा माणूस म्हणून उभं राहायची लाज वाटली. आणि मग ते फसलं हे पण मी तुला दोन वर्षं सांगितलं नाही. त्या दोन वर्षांत तू किती वेळा घरी बोलावलंस आणि मी साइटचं कारण सांगितलं. ती कारणं खरी नव्हती. माफ कर मला.

यातच आईचं एक सांगायचं राहून जाईल. २००१ च्या एप्रिलमध्ये तिने जीपीओत माझ्या नावाने पीपीएफ उघडायला लावलं होतं. तेव्हा व्याज साडेनऊ टक्के, त्याच्या आधी अकरा आणि त्याहून आधी बारा होतं म्हणून सगळे नाकं मुरडून राहिले होते, पुढे दोन वर्षांत ते आठवर आलं. मी नाराज होतो, आई नव्हती. ती दर महिन्याला दोन हजार स्वतः जाऊन भरायची, आणि पाच तारखेच्या आत भरायची, कारण पाच तारखेनंतर भरलं तर त्या महिन्याचं व्याज मिळत नाही हे तिला काउंटरवरच्या बाईने सांगितलं होतं. मी दुबईत असताना पण तिने एक महिना चुकवला नाही. उन्हाळ्यात ४५ डिग्रीत सिव्हिल लाइन्सला सिटी बस बदलून जायची. सोळा वर्षांत भरले ३ लाख ८४ हजार आणि २०१७ ला हातात आले आठ लाखांच्या आसपास. पोरीच्या कॉलेजची पूर्ण फी त्यातून गेली. आईला न कळलेली गोष्ट ती सरळ काउंटरवर विचारायची, मोठ्याने, रांगेतल्या सगळ्यांसमोर, आणि मला लहानपणी त्याचा राग यायचा.

बरं, आता एक काम आहे. आमच्या साइटवर एक सुपरवायझर आहे, २६ वर्षांचा, गोंदियाकडचा, लग्न ठरलंय. तो हुडकेश्वरच्या पुढे प्लॉटचा बयाणा द्यायला निघाला होता, मी त्याला थांबवलं आणि कागद मागितले. महाभूलेख या सरकारी साइटवर सातबारा पाहिला, वर्ग १ दिसतो, एनएची ऑर्डर पण आहे. पण एक वारसांचा फेरफार, म्हणजे वारसांची नावं चढवल्याची नोंद आहे, त्यात दोन बहिणींची नावं आहेत आणि पुढच्या विक्रीत एकीचीच सही दिसते, ते मला नीट समजत नाही. मंगळवारपर्यंत पैसे देऊ नको असं त्याला सांगितलंय. सातबारा आणि फेरफार दोन्हीचे फोटो या पत्रासोबत व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतोय. वाचून फोन कर, रात्री कितीही वाजले तरी चालेल, मी जागाच आहे.

तुझाच