यादी बाजूला ठेवायला लावलीत, त्याबद्दल

प्रिय ताई,

खुणांची भाषा शिकायला आलो त्या पहिल्या दिवशी मी तुमच्यापुढे दोन पानी यादी ठेवली. अर्ज, मुलाखत, हजेरी, ओव्हरटाइम, प्रोबेशन, नोटीस पिरियड. प्रत्येक शब्दाची एकेक खूण शिकवा, महिन्यात पाठ करतो, असा माझा हिशेब. तुम्ही यादी पालथी घातलीत आणि माझ्या पाठीमागच्या खिडकीकडे बोट दाखवलंत. उजेड मागून येत होता, माझा चेहरा काळा दिसत होता. आधी खुर्ची हलवा, मग भाषा. व्यावसायिक पुनर्वसनाच्या, म्हणजे अपंगांना नोकरीला लावण्याच्या कामात कर्णबधिर उमेदवारांना मी कित्येक वर्षं तशाच खुर्चीतून प्रश्न विचारत होतो. आठवलं की अजून ओशाळायला होतं.

मग 'प्रोबेशन' निघालं. एका मुलाला मी तो शब्द बोटांनी अक्षरं जुळवून दाखवला होता. त्याने मान हलवली, मी फॉर्मवर 'समजले' समोर टिक केली. मुदत संपत आली तेव्हा तो दुसरी नोकरी शोधायला लागला. प्रोबेशन संपलं म्हणजे काम संपलं, असं त्याला वाटलं होतं! तुम्ही हसला नाहीत. मान हलली म्हणजे 'माझं लक्ष आहे', एवढंच; कळलं का ते त्याच्याकडून परत सांगवून घ्यायचं, असं बजावलंत. आणि हवेत एक लांबी आखून दाखवलीत: इथून इथपर्यंत साहेब काम बघणार, इथे पोचल्यावर दोन वाटा, राहा किंवा जा. शब्दाची खूण शोधत बसण्याऐवजी काय घडतं ते दाखवायचं, हे तेव्हा डोक्यात शिरलं.

चेहऱ्याचं मात्र फार अवघड गेलं. कार्यालयात कोरा चेहरा ठेवायची आम्हाला सवयच. भुवया उचलल्या नाहीत म्हणून माझं 'काम हवंय?' हे 'काम हवंय.' होऊन बसायचं, आणि समोरचा विचारायचा, तुम्हाला?

अमेरिकी भाषा-अभ्यासक विल्यम स्टोकी यांनी १९६० साली दाखवून दिलं की खुणेलाही घडण असते: हाताचा आकार, जागा, हालचाल. मी ते वाचून आलो होतो. पण जागा चार बोटं चुकली की शब्द बदलतो, हे कळलं ते तुम्ही माझं मनगट धरून हात खाली आणलात तेव्हा. लहानपणी वर्गात खुणा केल्या म्हणून तुमच्या हातांवर पट्टी बसायची, हे तुम्ही सहज बोलता बोलता सांगितलंत. १८८० साली इटलीत मिलानला भरलेल्या शिक्षकांच्या परिषदेने बधिर मुलांच्या शिक्षणात खुणांऐवजी तोंडी भाषा हवी असा ठराव केला होता. त्याची झळ किती लांब पोचली, ते त्या दिवशी समोर दिसलं.

तुमचा आणखी एक सल्ला मी मोडत नाही. करारावर सही असेल, तक्रार किंवा अपघाताची चौकशी असेल, तर दुभाषी बोलवायचाच. माझ्या मोडक्यातोडक्या खुणा चहापाण्याच्या गप्पांना ठीक. कुणाच्या नोकरीवर त्यांचा प्रयोग नको.

परवा एका उमेदवाराने पॅकिंग मशीनची खूण शिकवली. त्याच्या कारखान्यातल्या बधिर कामगारांनी आपापसात ठरवलेली. माझ्या यादीत ती कधीच आली नसती. पालथ्या बाजूला लिहून ठेवलीय.

मनापासून आभार, ताई. 'ओव्हरटाइम' अजून अडतो. गुरुवारी येतो.

तुमचा विद्यार्थी