नावं विचारायची राहिलीच
गर्भाशयाची पिशवी साफ करायला (क्युरेटिंगला) खानापूरहून बेळगावला गेले, रात्रीपासून उपाशी, हातपाय गार. "हेदरबेड्री अक्का," म्हणजे घाबरू नका अक्का, म्हणत माझा हात धरून बसलेल्या कन्नड आयाबाई, तुमचे आभार. भूल उतरली तेव्हाही हात तुमच्याच हातात! आत जेमतेम १५ मिनिटं गेली म्हणे.

सिस्टर, तुम्ही सगळं सरळ सांगितलंत: पाळीसारखी कळ येईल, थोडे दिवस रक्त जाईल, पॅडच वापरा, पण तासाला एक पॅड भिजलं, ताप आला किंवा घाण वास आला तर लगेच या. माझ्या जावेनं यातलं एक अक्षर सांगितलं नव्हतं, नुसतं घाबरवलं.

आणि शेजारच्या कॉटवरच्या मावशी, तुमच्या थर्मासमधला चहा अजून आठवतो. पिशवीतून काढून तपासणीला पाठवलेल्या तुकड्याचा रिपोर्ट चांगला आलाय.